ढगोबा जावयाचं तिसरं कडवं

नवरदेव घोड्यावरून उतरायला तयार नसला की आमच्या बीड जिल्ह्यात बँडवाले अजूनही तेच गाणं वाजवतात. ‘रुसून बसला ढगोबा जावई.’ वऱ्हाडी हसतात, पोरी टाळ्या वाजवतात, नवरदेवही शेवटी हसतो न् उतरतो. मी तेवढ्यापुरती मंडपाच्या मागं जाऊन उभी राहते. गाणं वाईट आहे म्हणून नाही. ते अर्धं आहे म्हणून. आणि ते अर्धं राहिलं यात माझाही हात आहे, हे मला कुणाला नीट सांगता आलेलं नाही. म्हणून लिहिते.

शहाऐंशीचा दुष्काळ. नेकनूरच्या पुढं, डांबरी सडक सोडून आत आमचं गाव. विहिरी उन्हाळ्याआधीच आटल्या होत्या. तुळशीला मी तांब्याऐवजी पळीभर पाणी घालायची आणि तिची माफी मागायची. माझे नेम तसे लहानपणापासूनचे, सोमवार, एकादशी, रोजचा पोथीचा एक अध्याय. पण त्यांची सवय झाली होती, त्यात देवाला दिल्यासारखं काही उरलं नव्हतं. म्हणून कार्तिकी एकादशीला नवीन नेम धरला. पहाटे उठल्यापासून दुपारचे बारा वाजेपर्यंत बोलायचं नाही. पाऊस पडेपर्यंत, रोज.

“बरं झालं,” आमचे हे म्हणाले. “तशी तू बोलतीस कवा?”

खरं होतं. माझा आवाज बारीक. पण बोलायचं नाही असं ठरवलं, की पोटात किती बोलणं साठलेलं असतं ते कळतं. बारा वाजले की ते बाहेर यायचं, आणि असंच एका दुपारी ते गाणं आलं.

गावच्या सहकारी दूध संस्थेच्या ओट्यावर आम्ही बाया दूध घालायला बसायचो. दूध कसलं, कॅनचा तळ झाकला तरी नशीब. आभाळात एक काळा ढग वेशीपर्यंत आला आणि तिथूनच माघारी गेला. छबुबाई माझ्या शेजारची, लई तोंडाळ, आवाज असा की बांधावरून हाक मारली तर दुसऱ्या गावची म्हैस मान वर करील. ती कपाळावर हात धरून म्हणाली, “बघ, बघ! आला, तोंड दावलं, गेला. जावई लागून गेलाय जसा!”

बाया हसल्या. माझ्या तोंडातून आपोआप निघालं:

“रुसून बसला ढगोबा जावई,
पाट टाकलाय, या ना हो;
सासू दारात, तांब्या हातात,
पाय तरी धुवून घ्या ना हो!”

छबुबाईनं रिकाम्या कॅनच्या झाकणावर ठेका धरला आणि तेच आपल्या गळ्यात घेतलं. माझ्या तोंडी ते पुटपुटणं होतं, तिच्या तोंडी गाणं झालं. दोन दिवसांत पहिलं कडवं जुळलं:

“मागितला फेटा, आणला फेटा,
मागितली घोडी, सजली हो;
वेशीत येऊन फिरला मागं,
वरात सारी लाजली हो.”

दुसऱ्या कडव्यात काळी भुई म्हणजे सासूची लेक, हळद लावून वाट बघत बसलेली.

सलीमनं ते पहिल्यांदा ऐकलं ते संस्थेत. नेकनूरच्या स्टँडवर त्याचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान, तिथंच तो कॅसेटीही भरून द्यायचा. संस्थेची मोटर बिघडली म्हणून आला होता. हातातला पाना तसाच राहिला. “वहिनी, परत म्हना. छबुमावशी, तुमी बी. अल्ला, हे गानं न्हाई, हे तर पेटलेला फटाका हाय! पुन्याला कॅसेटच्या कंपनीत माझ्या वळखीचा मानूस हाय. आपन भरू, मी घेऊन जातो.”

कॅसेट म्हटल्यावर चेअरमन अर्जुनराव स्वतः आले. पांढरेशुभ्र कपडे, त्या पाण्याच्या टंचाईतसुद्धा. संस्थेची निवडणूक उन्हाळ्याच्या तोंडावर होती. म्हणाले, “संस्थेची खोली घ्या. बीडहून मशिनी आणायच्या त्या संस्थेकडून आणा. माझं काही म्हणणं नाही. फक्त कुठंतरी संस्थेचं नाव आलं पाहिजे.”

त्यांचं म्हणणं तिथं मी हसण्यावारी नेलं. माझ्या मनात दुसरीच टोचणी होती. दोन कडव्यांभर आम्ही पावसाला टोमणेच मारत होतो. लग्नात सासू जावयाला बोलते, थट्टा करते, पण शेवटी त्याचे पाय धुते, पदर पसरते आणि चुकलं-माकलं म्हणते. त्याशिवाय पंगत उठत नाही. देवाला एवढं बोलून घ्यायचं आणि माफी न मागता उठायचं? अशी रीत तरी कुठं आहे? मी देवापुढं बसून तिसरं कडवं केलं:

“देणं न् घेणं सरलं बाबा,
हांडा पालथा दारात हो;
चुकलं माझं, पदर पसरते,
लेकीपुरता ये घरात हो.”

हे छबुबाईला शिकवलं नाही. कुणालाच म्हणून दाखवलं नाही. टोमणा तिच्या गळ्यातून गेला तर गेला, माफी मी माझ्या तोंडानं मागणार होते. सलीमला एवढंच सांगितलं, की तिसरं कडवं माझं आणि ते मी म्हणणार. तो म्हणाला, “तुमचंच गानं हाय वहिनी, कावून न्हाई?” त्या आठवड्यात लाईट दुपारी बारा ते सहा असायची. मंगळवार ठरला, दुपारी एक. सगळं जुळलं होतं.

सोमवारी लाईटची पाळी बदलली. आता सकाळी सहा ते अकरा.

सलीम घाम पुसत दारात आला. “वहिनी, बीडहून आवाजाचा मिक्सर एकाच दिवसाचा मिळालाय. उद्या संध्याकाळी परत द्यायचा आन् मी टेप घेऊन पुन्याच्या गाडीत बसायचं. सकाळीच भरावं लागंल.”

मी म्हटलं, “सकाळी मला बोलता येत नाही.”

“गायचं हाय, बोलायचं कुठं हाय?”

“सलीम, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर नाही का होत, दुपारी?”

“टेप चालतो वहिनी. मिक्सर न्हाई चालत, बँडवाल्या इसाकचा करंटवरचा बेंजो न्हाई चालत.”

त्या रात्री शिकवलं असतं छबुबाईला, तर आज हे लिहायची वेळ आली नसती. पण मला वाटलं, पाळी चुकते, लाईट दुपारपर्यंत राहते कधी कधी. देव काहीतरी करील असं वाटलं. नेम करणाऱ्या माणसाला ही एक वाईट खोड लागते. आपण त्याचं काम करतोय म्हटल्यावर आपलं काम तो करील, असं आपण धरून चालतो.

मंगळवारी सकाळी संस्थेच्या खोलीत भिंतींना बारदान टांगलेलं, खिडकीला घोंगडी. इसाक नेकनूरच्या बँडमधला, तो बेंजो जुळवत बसला होता. छबुबाई नवं लुगडं नेसून आली होती, जणू कॅसेटीत तेही दिसणार होतं. झाकण तिनं घरचंच आणलं, संस्थेच्या झाकणाचा आवाज बसका म्हणाली. मी अंघोळ करून, तोंड मिटून कोपऱ्यात.

दोन कडवी सुरेख झाली. इसाकनं मध्ये बेंजोवर एक तुकडा असा टाकला की सलीम मशीन सोडून उड्या मारायला लागला. पुढं बारा महिने गावोगाव वाजला तो हाच तुकडा. साडेदहा झाले होते.

“आता तिसरं,” सलीम म्हणाला, आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले.

“आगं, एक दिस बोल की,” छबुबाई म्हणाली. “देव काय दाराला कान लावून बसलाय व्हय?”

मी मान हलवली. दुधाच्या पासबुकाचं मागचं कोरं पान फाडून त्यावर चार ओळी लिहिल्या, ठळक अक्षरात, आणि तिच्यापुढं धरल्या.

“मला कागद दावती!” छबुबाई कपाळाला हात लावून म्हणाली. “म्हशीला दाव, ती चघळंल तरी.”

सलीमनं कागद हातात घेऊन उलटा-सुलटा केला. “वहिनी, मी उर्दू शाळेतला. मराठी पाटी वाचतो मी, गाडीवरचं नाव वाचतो. हाताचं न्हाई लागत.”

“माझ्याकडं बघू नका,” इसाक म्हणाला. “मी अंगठा बी वाकडाच लावतो.”

शाळेचे मास्तर दुष्काळी कामाच्या हजेरीवर गेलेले. आमचे हे म्हशी घेऊन चारा छावणीवर. वाचणारं माणूस सापडावं म्हणून मी दाराकडं वळले, तर दारातून अर्जुनराव येत होते. मला इतका आनंद झाला की मी पदर सावरायचं विसरून कागद त्यांच्या हातात दिला.

त्यांनी चष्मा काढला, लावला, कडवं मनातल्या मनात वाचलं. दोनदा वाचलं. “छान आहे हो, मनकर्णाबाई. खरंच छान आहे.” मग कागदाची घडी घालून खिशात टाकली. “पण हे रडगाणं आहे. लोकांना सध्या रडायला काय कमी आहे? शेवट कसा, उभारी देणारा पाहिजे.” आणि दुसऱ्या खिशातून त्यांनी आपला कागद काढला.

“संस्थेचा टँकर आला गावात,
चिंता साऱ्यांची गेली हो;
अर्जुनरावांच्या पुण्याईनं
दुधाची गंगा आली हो.”

हे त्यांनी छबुबाईला तीनदा म्हणून दाखवलं. तिसऱ्या वेळेला ती सुरात म्हणत होती. तिचा काय दोष, तिला कानानं आलेलं लगेच येतं.

मी सलीमच्या बाहीला हात लावला. खिशाकडं बोट दाखवलं. त्याला कळलं. तो म्हणाला, “चेअरमन सायेब, वहिनीचं बी घेऊ की. दोन्ही घेऊ.”

“म्हणू दे ना त्यांना,” अर्जुनराव मोठ्या मनानं म्हणाले. “मी अडवलंय का? म्हणा मनकर्णाबाई.”

सलीमनं माईक माझ्यापुढं आणून धरला. भिंतीवरच्या घड्याळात अकराला वीस कमी. माझ्या नेमाला अजून एक तास वीस मिनिटं. नव्वद दिवस झाले होते. तोंडात शब्द तयार होते, जिभेवर बसलेले. मी जीभ दातांमागं धरून उभी राहिले. मला वाटलं, मौन मोडून माफी मागितली तर ती माफी कसली? आणि न मागावी, तर हे गाणं पुण्याला चाललंय. असं उभं राहण्यात पाच मिनिटं गेली असतील. सलीम घड्याळ बघत होता, इसाक नखं बघत होता.

“लाईट जाईल वहिनी,” सलीम हळूच म्हणाला आणि माईक छबुबाईकडं नेला.

कॅसेट चैत्रात आली. हिरव्या कव्हरवर हंडा घेतलेली एक बाई, आमच्याकडची कुणी नव्हे, आणि तिच्या हंड्यातून पाणी सांडत होतं. त्या वर्षी सांडतं पाणी बघून मला तिच्या निष्काळजीपणाचा राग आला. खाली लिहिलं होतं, ‘छबुबाई आणि पार्टी. गीत : पारंपरिक.’

छबुबाई ओशाळली. “मने, म्या सांगितलं व्हतं गं तुझं नाव.”

मी म्हटलं, “नावाचं काही नाही.” खरं तर नावाचंही थोडं होतं. पण त्याहून मोठं दुसरं होतं.

गाणं असं पसरलं की काय सांगू. बीडच्या स्टँडवर, चहाच्या हॉटेलात, एस.टी.च्या ड्रायव्हरपाशी, गेवराईकडं चकलांब्याच्या जत्रेत, परळीकडं धर्मापुरीला. टँकर आला की लोक हांडे वाजवत तेच म्हणायचे. टँकरच्या कडव्याला तर लोक जास्तच हसायचे, कारण टँकर आठ-आठ दिवस येत नव्हता, पण म्हणायचे. सगळा जिल्हा पावसाला टोमणे मारत नाचत होता आणि माफीचा कागद अर्जुनरावांच्या खिशात, कदाचित धुण्यात भिजून लगदा झालेला. चैत्रात एकदा वावटळीबरोबर ढग आले आणि फुटून गेले. छबुबाई म्हणाली, “गाणं ऐकून पळाला बघ!” ती हसायला म्हणाली. मला त्या दिवशी भाकरी गेली नाही.

दुसऱ्या दिवशी बारा वाजून गेल्यावर मी नेकनूरला सलीमच्या दुकानात गेले. “सलीम, ते कडवं घे.”

“वहिनी, कॅसेट निघाली की आता.”

“पुढची खेप निघेल त्यात घालायला सांग.”

त्यानं बाहेर उभ्या असलेल्या एका ट्रॅक्टरच्या बॅटरीला टेप जोडला. बेंजो नाही, झाकण नाही. मी डोळे मिटून चार ओळी म्हटल्या. परत लावून ऐकलं तर माझा आवाज लांब विहिरीच्या तळातून आल्यासारखा. सलीम तोंडदेखलं म्हणाला, “चांगला आलाय.”

आठ दिवसांनी कंपनीचा निरोप आला : गाणं चाललंय, चाललेल्याला हात लावू नका.

सलीम मनानं सरळ. त्याला वाईट वाटलं. “वहिनी, कंपनीचं राहू द्या. मी दुकानात ज्या कॅसेटी भरतो ना, त्यात टाकतो. गानं संपलं की चूळ भरायपुरती जागा, मग तुमचं कडवं.”

मला इतकं समाधान झालं की मी त्याच्या दुकानातल्या मक्केच्या फोटोलाही हात जोडले.

आणि मग कळलं, की ते कडवं कुणीच ऐकत नाही. गाणं संपलं, की बटण दाबून टेप मागं घेतात आणि पहिल्यापासून लावतात! हॉटेलात मी मुद्दाम चहा मागवून बसले, जो मी घेत नाही. गाणं संपलं. हॉटेलवाल्यानं ओला हात पुसला, टेप मागं घेतला. परत गाणं संपलं. परत मागं. तिसऱ्यांदा मी म्हटलं, “भाऊ, जरा पुढं चालू द्या ना.” तो म्हणाला, “म्होरं काय न्हाई मावशी, कोरी हाय.” माझा आवाज त्याला ऐकू गेला हेच नवल. एस.टी.त ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसून बीडपर्यंत गेले, तरी तेच. घरोघरी तेच. गाणं लोकांना इतकं आवडलं होतं की त्याचा शेवट ऐकायला कुणाला सवड नव्हती.

वैशाखात अर्जुनरावांनी संस्थेच्या पटांगणात सामुदायिक विवाह ठेवला. अकरा जोडपी. दुष्काळात लोकांचा खर्च वाचतो, हे खरंच पुण्याचं काम, ते मी नाकारत नाही. मुहूर्त दुपारच्या आतला. घोडी एकच, नवरदेव अकरा. पाळीपाळीनं वेशीपासून मंडपापर्यंत आणायचे. सातवा नवरदेव घोडीवर बसला तो उतरेना. त्याला कुणीतरी म्हटलं होतं, की घड्याळ मिळणार आहे, आणि घड्याळाचा पत्ता नव्हता. मग काय, कर्ण्यावर ‘रुसून बसला ढगोबा जावई’ लावलं. लोक नाचायला लागले. अर्जुनरावांचं कडवं आलं तेव्हा ते हात जोडून उभे राहिले.

मी अक्षता मुठीत घेऊन छबुबाईशेजारी उभी होते, गप्प. तो माझा एकशे शहात्तरावा दिवस.

कॅसेट सलीमची भरलेली होती. आणि सलीमला त्याच वेळेला भटजींनी माईक बघायला पलीकडं बोलावलं. गाणं संपलं. टेपपाशी कुणीच नव्हतं.

चूळ भरायपुरती जागा. खरखर. आणि मग कर्ण्यातून माझा आवाज आला. लहान, एकटा, बेंजोशिवाय.

“देणं न् घेणं सरलं बाबा,
हांडा पालथा दारात हो...”

नाचणारे थांबले. नवरदेवानंसुद्धा घोडीवरून मान वळवली.

“कोण रं तिकडं!” अर्जुनराव ओरडले. “शुभकार्यात हे काय रडगाणं लावलंय! बंद करा!”

कुणीतरी वायरच उपटली.

म्हणजे झालं काय? हांडा पालथा आहे हे तेवढं देवाला सांगून झालं, आणि चुकलं माझं, हे राहिलं. त्यापेक्षा काहीच लागलं नसतं तर बरं होतं. छबुबाई माझ्याकडं वळली. आजवर तिनं ते कडवं ऐकलंच नव्हतं.

“मने, हे तुझं? हेच का ते, कागदावरचं? आगं म्होरं काय हाय?”

संस्थेच्या भिंतीवर तेच घड्याळ. बाराला दहा कमी. दहा मिनिटं. मला ठाऊक होतं, दोन मिनिटांत वायर परत जोडतील, गाणं पहिल्यापासून लागेल, आणि ही शांतता परत मिळायची नाही. मी तोंड उघडलं.

“चुकलं माझं, पदर पसरते,
लेकीपुरता ये घरात हो.”

आजूबाजूच्या चार-पाच बायांना ऐकू गेलं असेल. त्यांच्या अक्षतांच्या मुठी तशाच राहिल्या. छबुबाई माझ्या तोंडाकडं बघत राहिली, आणि मग तिनं तीच ओळ आपल्या गळ्यात घेतली. कर्णा नव्हता, तरी मंडपाच्या त्या टोकापर्यंत गेली. एकदाच. अर्जुनरावांना वाटलं कार्यक्रमातलंच काही असेल, त्यांनी मान डोलावली. तेवढ्यात सलीमनं धावत येऊन वायर जोडली, टेप मागं घेतला, आणि पाट टाकलाय, या ना हो, म्हणत सगळा मंडप परत नाचायला लागला.

माझे एकशे शहात्तर दिवस दहा मिनिटांपायी गेले. दुसऱ्या दिवसापासून एकपासून मोजायचं होतं.

“आता बोल की मग,” छबुबाईनं मला कोपरानं ढोसलं. “मोडलंच हाय तर. पहिल्या दोन ओळी परत सांग, मी पाठ करते. लगीन लागायच्या आत एकदा सबंध म्हणू.”

मी मान हलवून घड्याळाकडं बोट दाखवलं.

“आगं बये!” छबुबाई अक्षता खाली टाकायचीच बाकी राहिली. “आता कावून? आता काय राहिलंय त्यात?”

आठ मिनिटं राहिली होती.